तीन घरांचं गाणं, चार तारांवर

मागच्या खेपेला आपण बाजाच्या पेटीचा इतिहास ऐकला. त्यावर उमरेडकडच्या एका गटानं कळवलं, की पेटीचं झालं, आता त्या विलायती वाद्याचं सांगा, सिनेमात कोणी रडायला लागलं की जे मागं वाजतं. तर आज व्हायोलिन. पण वाद्यापेक्षा आम्हाला एका माणसाबद्दल जास्त बोलायचं आहे. पंडित गजाननराव जोशी त्यांचं नाव. जन्म १९११ चा, मृत्यू १९८७ चा. त्यांनी आयुष्यभर जुनं गाणं गोळा केलं, गळ्यात आणि व्हायोलिनवर जपलं, आणि जाण्याआधी दुसऱ्यांच्या हवाली केलं. त्या गाण्याचा एक वाटा आपल्या विदर्भातल्या, यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या एका घराला मिळाला. तिथपर्यंत आपल्याला पोचायचं आहे, पण वाट थोडी लांबची आहे. बसा निवांत.

आधी वाद्य ओळखून घेऊ. व्हायोलिन आज जसं दिसतं तसं ते सोळाव्या शतकात, इटली देशाच्या उत्तर भागात घडलं. तिथल्या क्रेमोना गावात वाद्य घडवणारी घराणीच झाली, बापाकडून मुलाकडे हात जाणारी. चार तारा, खाली पोकळ लाकडी पेट, आणि वर फिरवायला घोड्याच्या शेपटीच्या केसांचा गज. गजाच्या केसांना राळ घासावी लागते. राळ असली की केस तारेला धरून ओढतात आणि तार बोलते. राळ नसली तर गज नुसता घसरतो, आवाजच निघत नाही. पूर्वी या तारा मेंढीच्या आतड्याच्या असत. आपल्याकडे तिला तात म्हणतात. कापूस पिंजायला पिंजारी दारोदार यायचे, त्यांच्या धनुकलीला बांधलेली असायची तीच ही तात. आपल्या कापसाच्या मुलखात जुन्या बायांना हे वेगळं सांगायला नको.

पोर्तुगीज गोव्यात आले, त्यांच्या मागोमाग हे वाद्य आलं. चर्चच्या शाळांतून गावच्या पोरांना सूर वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवू लागले. पुढं मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याच्या वादकांचा एवढा भरणा झाला, त्याचं मूळ त्या शाळांत आहे. दुसरीकडे मद्रासेत इंग्रजांचे बँड वाजत. ते ऐकून बाळुस्वामी दीक्षितर यांनी हे वाद्य शिकून घेतलं आणि दक्षिणेच्या संगीतात आणलं. त्याच काळात तंजावरला आपले मराठे भोसले गादीवर होते. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांची ती गादी. तिथले दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ पर्यंत राज्यावर होते. त्यांना विलायती वाद्यांची भारी हौस, दरबारात बँडच ठेवला होता. दक्षिणेतल्या लोकांनी वाद्य घेतलं, पण बसण्याची रीत आपलीच ठेवली. विलायतेत उभं राहून हनुवटीखाली धरतात. इथं मांडी घालून बसायचं, वाद्याचं एक टोक छातीला लावायचं आणि दुसरं उजव्या पायावर टेकवायचं. असं धरलं की डावा हात मोकळा राहतो, तारेवरून लांब घसरू शकतो, आणि आपल्या गाण्याला ती घसरच तर हवी असते.

गजानं वाजवायचं वाद्य आपल्याला नवीन नव्हतं, हे मात्र इथं सांगितलं पाहिजे. गोंड राजांच्या आणि देवांच्या कथा गाणारे परधान लोक किंगरी वाजवतात, कुठं तिला बाना म्हणतात. ती गजावरच वाजते. नागपूर शहर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजाच होता, म्हणजे या मातीत गजाचा सूर भोसल्यांच्याही आधीचा. शिवाय सारंगी होतीच. गाणाऱ्याच्या गळ्याच्या सर्वात जवळ जाणारं वाद्य सारंगी. पण तिच्यावर एक डाग लावला गेला होता. सारंगी कोठ्यावर वाजते, नायकिणींच्या मागं वाजते, म्हणून भल्या घरच्या मुलानं ती हातात घ्यायची नाही, असं शिकले सवरलेले लोक म्हणत. आमच्या मते त्या डागात सारंगीचा काही दोष नव्हता. ज्या बायांच्या मागं ती वाजत होती, त्यांच्याकडे समाज ज्या नजरेनं बघायचा ती नजर त्या वाद्यालाही चिकटली. व्हायोलिन परदेशी असल्यामुळं त्याला अशी कसलीच जात नव्हती. गजाचं होतं, गळ्यासारखं गात होतं, आणि भल्या घरात चालत होतं. आपल्याकडे व्हायोलिन रुळलं, त्याच्या कारणांत हेही एक कारण आम्हाला दिसतं.

आता गजाननरावांच्या घराकडे येऊ. त्यांचे वडील अनंत मनोहर जोशी, अंतूबुवा म्हणून ओळखले जायचे. आजोबाही गवई. अंतूबुवा सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानात दरबारी गवई होते. औंध म्हणजे लहानसं संस्थान, पण तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी कलेचे मोठे शौकीन. अंतूबुवांनी गाणं घेतलं होतं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडून. हे नाव लक्षात ठेवा, पुढं पुन्हा लागणार आहे. बाळकृष्णबुवांचा जन्म १८४९ चा. त्या काळी ख्याल गाणं शिकायचं तर ग्वाल्हेरला जावं लागे. बुवा हाल सोसत तिथवर गेले, गुरूच्या घरी राहिले, शिकले, आणि ते गाणं घेऊन महाराष्ट्रात परत आले. आज आपल्याकडे जे ख्याल गाणं ऐकू येतं त्यातलं पुष्कळसं त्यांच्या त्या खटपटीमुळं आलेलं आहे. बियाणं दुसऱ्या मुलखातून आणून आपल्या वावरात लावावं आणि पुढं सगळ्या गावानं त्याचंच पीक घ्यावं, तसं झालं.

तर गजाननरावांना ग्वाल्हेरचं गाणं घरातच, वडिलांकडून मिळालं. पुढं रामकृष्णबुवा वझ्यांकडूनही त्यांनी विद्या घेतली. एवढ्यावर एखाद्याचं आयुष्य सुखानं गेलं असतं. घरचं गाणं, दरबारातलं नाव, अजून काय पाहिजे? पण त्यांची भूक मोठी होती. ते जयपूर घराण्याच्या भूर्जी खाँसाहेबांकडे गेले. भूर्जी खाँ म्हणजे कोल्हापूर दरबारच्या थोर अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव. तिथून पुढं आग्रा घराण्याच्या विलायत हुसेन खाँसाहेबांकडे गेले. तीन घराणी, तिन्हींचं गाणं वेगळं.

वेगळं म्हणजे कसं? तुरीचं वरण तीन घरी शिजतं, डाळ तीच, पण प्रत्येक घरची फोडणी निराळी असते. ग्वाल्हेरचं गाणं सरळ, मोकळं, बंदिश आधी नीट मांडून दाखवणारं. बंदिश म्हणजे रागात बांधलेलं छोटंसं गाणं. चार-सहा ओळींचं असतं, पण त्या रागाचा सगळा स्वभाव त्यात साठवलेला असतो. जयपूरचं गाणं गुंतागुंतीचं, पेचदार, दोन-दोन राग एकात मिसळणारं, कधी न ऐकलेले राग पुढं आणणारं. आग्र्याचं गाणं लयीशी खेळणारं, शब्द तोडून जोडून तालात बसवणारं. आता ही तीन घरं आपापली विद्या झाकून ठेवत असत. खास बंदिश परक्याला सांगायची नाही, मैफलीत गाताना शब्द अर्धवट गिळायचे, म्हणजे समोरच्यानं उचलू नयेत. आपल्याला हे ऐकून हसू येईल. पण विद्या हीच ज्यांची जमीन, ती ते कशी वाटतील? जमिनीचा सातबारा कोणी असाच दुसऱ्याच्या नावावर करून देतं का? मग अशा घरांत शिरून, गुरूचा विश्वास मिळवून, तीन-तीन ठिकाणची विद्या घेणं किती चिवट काम असेल, ते तुम्हीच ओळखा.

बायांना तर हे दार आणखी जड होतं. अल्लादिया खाँसाहेबांकडे गोव्याच्या केसरबाई केरकर शिकल्या, मोगूबाई कुर्डीकर शिकल्या. दोघींनी फार सोसलं. मोगूबाईंची शिकवणी किती वेळा तुटली आणि किती वेळा त्यांनी ती पुन्हा जोडली. त्यांच्यावर एक वेगळा भाग करायचा आमचा बेत आहे, म्हणून आज फक्त नाव घेतो.

आणि व्हायोलिन? ते गजाननरावांना कुठल्या गुरूनं शिकवलं नाही. ते वाद्य त्यांनी आपलं आपणच हाताखाली आणलं. आमच्या मते त्यांच्या वादनाचं खरं मर्म इथंच आहे. वाद्य शिकवणारा गुरू नसल्यामुळं हात कसा फिरवायचा, हे त्यांना गळ्यालाच विचारावं लागलं. आधी गाणं, मग वाद्य. व्हायोलिनला पेटीसारख्या पट्ट्या नसतात, सतारीसारखे पडदे नसतात. बोट कुठं ठेवायचं याची एकही खूण त्या काळ्या पट्टीवर नसते. केसभर इकडे तिकडे झालं तर बेसूर. पण खुणा नसण्याचा फायदाही तोच आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट दाखवता येते, गळा दाखवतो तशी. पाळण्यातल्या लेकराला आपण झोपवतो तेव्हा आवाज कसा घरंगळत खाली आणतो, पायऱ्या उतरत नाही? ते पेटीवर होत नाही. व्हायोलिनवर होतं.

राहिला गज. गज म्हणजे वादकाचा श्वास. गाणारी बाई जिथं श्वास घेईल तिथं गज वळला पाहिजे. बंदिशीत जिथं शब्द सुरू होतो तिथं गजाचा नवा फेरा सुरू झाला पाहिजे, आणि जिथं एकाच अक्षरावर पाच-सात सूर फिरतात तिथं गज न वळता लांब चालला पाहिजे. वाद्याला शब्द उच्चारता येत नाहीत. पण वाजवणाऱ्याला ती बंदिश तोंडपाठ असेल, तर ऐकणाऱ्याला शब्द ऐकू आल्यासारखे वाटतात. यालाच गायकी अंगाचं वादन म्हणतात. आपल्याकडच्या हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिनला ही वाट दाखवणाऱ्या पहिल्या फळीतले गजाननराव. त्यांच्याच काळात श्रीधर पार्सेकर होते, विष्णू गोविंद जोग होते. दोघांचं नाव मोठं, जोगांनी तर परदेशातही व्हायोलिन नेलं. पण तीन घराण्यांचं जुनं गाणं पोटात घेऊन बसलेला व्हायोलिनवादक शोधायला गेलं, तर आमचं बोट गजाननरावांवरच थांबतं.

इथं जरा दूरची एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याशेजारी ठेवलं की आपल्या माणसाचं काम जास्त उमगतं. युरोपात ऑस्ट्रिया देशात व्हिएन्ना शहर आहे. तिथं अ‍ॅलिस हार्नोनकोर्ट नावाची व्हायोलिन वाजवणारी बाई होती, १९३० साली जन्मलेली. तिनं आणि तिचा नवरा निकोलाउस यानं १९५३ साली काही सोबती जमवून एक वाद्यमेळ उभा केला. त्यांचं म्हणणं असं, की दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत आज लोक चुकीच्या ढंगानं वाजवतात. तारा धातूच्या झाल्या, गजाची घडण बदलली, सभागृहं मोठी झाली म्हणून वाद्यांचा आवाज ताणला गेला. तेव्हा जुनी वाद्यं शोधायची, तातीच्या तारा चढवायच्या, जुन्या आकाराचा गज घ्यायचा आणि ते संगीत त्याच्या काळी जसं वाजत असेल तसं वाजवायचं. पहिला जाहीर कार्यक्रम त्यांनी केला १९५७ साली. मधली चार वर्षं नुसती तयारी! त्या अ‍ॅलिसबाईनं चार मुलं वाढवली आणि १९८५ पर्यंत त्या मेळाच्या पहिल्या खुर्चीवर बसून व्हायोलिन वाजवलं. २०२२ साली ती गेली. तिकडे आता अशा वादकांची वेगळी शाखाच झाली आहे.

आता गंमत बघा. त्यांच्याकडे तीनशे वर्षांपूर्वीच्या गाण्याचा प्रत्येक सूर कागदावर लिहिलेला होता. हरवला होता तो वाजवण्याचा ढंग. कागद होता, पण कागद वाचून दाखवणारं त्या काळचं माणूस नव्हतं, म्हणून ते जुनी पुस्तकं धुंडाळत बसले. आपल्याकडे बरोबर उलटं. आपल्याकडे कागद जवळजवळ नव्हताच, पण ढंग जिवंत होता, कारण तो एका तोंडातून दुसऱ्या तोंडात येत होता. पापडाचं पीठ किती घट्ट मळायचं हे कुठल्या वहीत लिहिलेलं नसतं. सासूचा हात बघून सुनेचा हात तयार होतो. त्यामुळं आपल्या जुन्या गाण्याला धोका होता तो निराळा. जाणता म्हातारा शिष्य न करता गेला, की त्याच्यासोबत पन्नास बंदिशी चितेवर गेल्या. मागं वही राहिली असती तरी तिच्यात ढंग कुठला असणार? म्हणून त्या काळात तीन उस्तादांकडे जाऊन शिकणं, याला आम्ही नुसती हौस म्हणणार नाही. विहीर आटायच्या आधी पाणी भरून घेण्यासारखं ते होतं.

काळही तसाच होता. स्वातंत्र्य आलं, संस्थानं विलीन झाली, औंधही गेलं. राजेच गेले, तर त्यांच्या पदरी असलेल्या गवयांनी खावं काय? त्या वेळी अनेकांना हात दिला तो रेडिओनं. आपण रेडिओवर बोलतो आहोत, म्हणून हे जरा अभिमानानं सांगतो. मुंबईत रेडिओ १९२७ साली सुरू झाला होता. आपल्या नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ साली उघडलं. आधी तीन मिनिटांच्या तबकडीत राग कोंबावा लागे, रेडिओवर तो जरा ऐसपैस मांडता येऊ लागला. आणखी एक गोष्ट घडली. मागच्या खेपेला आपण ऐकलं, की १९४० साली रेडिओनं बाजाच्या पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. पेटी नाही म्हटल्यावर गाणाऱ्याच्या साथीला कोण? सारंगी आणि व्हायोलिन. एका वाद्यावरच्या बंदीनं दुसऱ्याचं पोट भरलं म्हणा ना. गजाननरावांनी आकाशवाणीतही काम केलं. मैफलीत ते गायचे, व्हायोलिन वाजवायचे, स्वतः बंदिशीही बांधायचे. १९५५ साली त्यांच्या वडिलांना, अंतूबुवांना, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. १९७२ साली तो मुलालाही मिळाला. पण गायक म्हणून जेवढा गाजावाजा व्हायला पाहिजे होता तेवढा त्यांचा झाला नाही, असं आम्हाला वाटतं. दोन्ही हातांत विद्या असणाऱ्याचं असं होतं कधी कधी. गाणारे म्हणतात, ते तर व्हायोलिनवाले. व्हायोलिनवाले म्हणतात, ते तर गाणारे.

त्यांच्या कामाचा आम्हाला सर्वात मोलाचा वाटणारा भाग यानंतरचा आहे. जे तीन घरांतून मिळवलं ते त्यांनी झाकून ठेवलं नाही. शिकवायला बसले आणि शिकवत राहिले. शिस्तीचे कडक, लयीत जरा चूक झाली तर खपवून घेणारे नव्हेत. पण आपल्या वेळी दार किती जड होतं हे ठाऊक असलेला माणूस दोन प्रकारचा होऊ शकतो. एक म्हणतो, मला त्रास झाला, तुम्हीही सोसा. दुसरा दार उघडं ठेवतो. सासुरवासाची गोष्टही अशीच आहे, आपल्याला दोन्ही तऱ्हेच्या सासवा माहीत आहेत. गजाननरावांनी दार उघडं ठेवलं. काही शिष्यांना तीनही घराण्यांचं शिकवलं, काहींना त्यांच्या गळ्याला मानवेल ते दिलं.

आता पांढरकवडा. नागपूरहून हैदराबादच्या रस्त्यानं खाली गेलं की लागतं ते. तिथं नागेश दत्तात्रेय काशाळकर नावाचे वकील होते. वकिली करायचे, पण जीव गाण्यात. घरात पोरांना तेच गाणं शिकवायचे. कुठं मुंबई-पुण्याच्या मैफली आणि कुठं कापसाच्या गाड्यांचा तो तालुका. पण घरात एक माणूस रोज सकाळी तानपुरा जुळवून बसत असेल, तर लेकरांच्या कानांना गावाचं अंतर कळत नाही. अरुण, विकास आणि उल्हास ही त्यांची मुलं गाण्यात पुढं आली. धाकटे उल्हास १९५५ साली जन्मले. ते नागपूरला आले, विद्यापीठात संगीत घेऊन एम.ए. झाले, सुवर्णपदक मिळवलं. नागपुरात राजाभाऊ कोगजे आणि खर्डेनवीस यांच्याकडे शिकले. हे सगळं आपल्या इथं, आपल्या नागपुरात घडलं, हे लक्षात असू द्या. गाण्याचं सगळं मुंबई-पुण्यातच असतं असं कोणी म्हणालं तर सांगता येईल.

तिथून पुढं ते मुंबईला गेले आणि राम मराठे यांच्याकडे व गजाननरावांकडे शिकले. म्हातारे गजाननराव आणि विदर्भातला हा तरुण. ग्वाल्हेर, जयपूर, आग्रा, तिन्ही घरांचा जो साठा गजाननरावांनी चाळीस-पन्नास वर्षं सांभाळला होता, तो त्यांनी या तरुणासमोर मोकळा केला. उल्हासराव व्हायोलिन वाजवत नाहीत, ते गातात. म्हणजे जे गाणं गळ्यातून चार तारांवर गेलं होतं ते पुन्हा गळ्यात आलं. अरुण आणि विकास हे दोघे भाऊही गजाननरावांकडे शिकले. एका गावच्या एका घरातली तीन भावंडं एका गुरूकडे! गजाननराव १९८७ साली गेले. त्यानंतर १९९३ साली उल्हासरावांना कोलकात्याच्या संगीत संशोधन अकादमीनं गुरू म्हणून बोलावलं. २०१० साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज ते गायला बसतात तेव्हा एकाच मैफलीत तिन्ही घराण्यांचे राग गातात, आणि प्रत्येक राग त्या त्या घरच्या फोडणीनं. जाणते लोक यावरच खूश असतात, की तीन घरांची खिचडी होत नाही.

आणि मुलींचं काय, असं तुम्ही विचाराल याची आम्हाला खात्री आहे. गजाननरावांकडे शिकलेल्यांत पद्मा तळवलकर आहेत, ज्या मोगूबाईंकडेही शिकल्या. वीणा सहस्रबुद्धे होत्या. वीणाताई मूळच्या कानपूरच्या. त्यांचे वडील शंकरराव बोडस हे विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य. आणि पलुस्कर कोणाचे शिष्य? तेच, ग्वाल्हेरहून बियाणं आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. म्हणजे वीणाताई गजाननरावांकडे आल्या तेव्हा एकाच वेलीच्या दोन फांद्या शंभरेक वर्षांनी पुन्हा एकमेकींना भेटल्या. २०१६ साली वीणाताई गेल्या.

याच वेलीची अजून एक फांदी सांगितल्याशिवाय व्हायोलिनचं बोलणं पुरं होत नाही. पलुस्करांचे दुसरे शिष्य ओंकारनाथ ठाकूर. त्यांच्याकडे बनारसला जाऊन गाणं शिकली ती दक्षिणेतली एक मुलगी, एन. राजम. जन्म १९३८ चा. वडिलांनी अगदी लहानपणीच तिच्या हातात व्हायोलिन दिलं होतं. तिनं ओंकारनाथांचं गाणं जसंच्या तसं व्हायोलिनवर आणायचं ठरवलं आणि आणलं. पुढं बनारस हिंदू विद्यापीठात त्या प्राध्यापक झाल्या, २००४ साली पद्मभूषण झाल्या. त्यांची लेक संगीता शंकर व्हायोलिन वाजवते, आणि संगीताच्या दोन्ही मुली, रागिणी आणि नंदिनी, त्याही वाजवतात. आजी, आई, नाती, तीन पिढ्यांच्या हातात तोच गज. कधी त्यांचा एकत्र कार्यक्रम लागला तर जरूर ऐका. एक जण सूर सोडते तिथून दुसरी उचलते, आणि डोळे मिटले तर कोणती आजी नि कोणती नात हे चटकन कळत नाही.

या भागात बोलण्यासारखं अजून पुष्कळ आहे, पण वेळ संपत आली. पुढच्या दोन भागांचं सांगून ठेवतो. एक मोगूबाई कुर्डीकरांवर. दुसरा आपल्याच भुलाबाईच्या गाण्यांवर. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसतात आणि कोजागिरीला उठतात, त्या महिन्यात आम्ही गावोगावी ध्वनिमुद्रणाला येणार आहोत. एकाच गाण्याची चाल उमरेडला वेगळी, काटोलला वेगळी, रामटेकला वेगळी, असं आमच्या कानावर आलं आहे. आम्हाला त्या सगळ्या चाली हव्या आहेत, एक पक्की करून बाकीच्या सोडायच्या नाहीत. गटातल्या सर्वात वयस्क बाईला आधी बसवा, मग बाकीच्या. आवाज चिरका आहे, दात पडले आहेत, असं म्हणून कोणी मागं सरत असेल तर तिलाच पुढं आणा. गाण्याचे शब्द मुलींनी वहीत उतरवून ठेवले तर उत्तमच, पण यंत्र सुरू झाल्यावर वही मिटायची आणि आजी म्हणेल तसं तिच्यामागं म्हणायचं. टिपऱ्या घेऊन या. खिरापत काय करायची ते तुमच्यावर सोपवलं.